घाबरणाऱ्या छोट्या कुत्र्यांचं ग्रूमिंग (केस-नखांची निगा) : अनुभव धागा (सोलापूर)

मार्च लागला की सोलापुरात शित्झू, ल्हासा, पॉमेरेनियन असलेल्या घरांत एकच घोर असतो. केस वाढलेत, काखेत जटा झाल्यात आणि ट्रिमर काढला की पिल्लू दिवाणाखाली. चौघांनी धरून उरकलं तर त्या दिवशी काम होतं, पण पुढच्या वेळी भीती दुपटीने वाढलेली असते. ज्यांचा हात यात बसलाय त्यांनी लिहा: काय करता, कसं करता, कुठे बिघडतं. मापासकट लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला करून बघता येईल.

जुळे सोलापूर, ग्रूमिंगचं काम

आधी टेबलाकडे बघा. सनमायकावर पाय सरकला की कुत्रं बिथरतं आणि मालकाला वाटतं, कात्रीला घाबरलं. आपला सोलापुरी टॉवेल ओला करून घट्ट पिळा आणि पसरा. ओला टॉवेल जागचा हलत नाही, पंजे त्यात रुततात. कोरडा टॉवेल कुत्र्यासकट घसरतो.

गळ्यात फास अडकवून बांधू नका. पॉमेरेनियन, यॉर्कशायर यांची श्वासनळी नाजूक असते, ताण पडला की खोकल्याची ढास लागते. छातीचा हार्नेस घाला आणि एक हात कायम अंगावर ठेवा. फोन वाजला तरी वळायचं नाही, टेबलावरून उडी मारली की पाय मोडतो.

भीती आधी बारीक खुणांत दिसते: ओठ चाटणं, अवेळी जांभई, कान मागे, डोळ्याचा पांढरा भाग. गुरगुर त्यानंतर येते. गुरगुरल्यावर रागावलं तर कुत्रं गुरगुरायचं सोडतं आणि पुढच्या वेळी थेट चावतं. अगदी गप्प, ताठ बसलेलं कुत्रंही शांत नसतं, भीतीने गोठलेलं असतं. आवडता खाऊ नाकाशी धरा. तोंड फिरवलं तर त्या दिवशीचं काम तिथेच थांबवा, अर्धं राहिलं तरी चालेल.

विजापूर रोड

ताईंनी थांबायचं कधी ते सांगितलं, मी सुरुवात कुठून करायची ते सांगतो. ट्रिमर आधी बंदच ठेवायचा. जमिनीवर ठेवा, कुत्रं वास घेईल, खाऊ द्या. मग त्याची पाठ, ब्लेडची बाजू नव्हे, खांद्याला टेकवा आणि खाऊ द्या. यात ते सैल झालं की दुसऱ्या खोलीत कुणाला तरी ट्रिमर सुरू करायला सांगा. आवाज आला की खाऊ सुरू, आवाज थांबला की खाऊ बंद. क्रम चुकवू नका: आवाज आधी, खाऊ क्षणभराने. खाऊ आधी दाखवला तर थोड्या दिवसांत कुत्रं चिकन बघूनच पळायला लागतं, कारण त्यामागून काय येणार हे त्याला कळलेलं असतं.

नंतर चालू ट्रिमर घेऊन दहा-बारा फुटांवरून रोज थोडं जवळ या. एका वेळी दोन-तीन मिनिटं पुरे. कुत्रं अडलं की एक पायरी मागे जा. चालू ट्रिमरचा कंप अंगाला लागणं ही वेगळी पायरी आहे, ती आवाजात मिसळू नका. तोंड, पंजे आणि शेपटीखालचा भाग सगळ्यांत शेवटी.

सोबत हनुवटी टेकवायला शिकवा. टॉवेलची घडी मांडीवर ठेवायची. त्यावर हनुवटी टेकली की खाऊ, आधी एक सेकंद, मग तीन, मग दहा. टेकलेली असेपर्यंत फणी फिरवायची, उचलली की हात लगेच बाजूला. आपण नको म्हटलं की हे थांबतात, हे कुत्र्याला कळलं की ते आपणहून पुन्हा हनुवटी टेकवतं. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक याने पडतो.

अशोक चौक

खाऊबद्दल एक सांगते. उकडलेलं बिनमिठाचं चिकन घ्या, मटाराच्या दाण्याएवढे तुकडे करा. कडक बिस्किट चावण्यात वेळ जातो आणि लय तुटते. ताटलीला लावलेलं घट्ट दही चाटतानाही कुत्रं रमतं. घरात आहे म्हणून शेंगाचटणी बोटावर देऊ नका, त्यातला लसूण कुत्र्याला विषारी असतो. विकतचं पीनट बटर घेतलं तर डबा वाचा, झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर तेही विष.

सैफुल, ग्रूमिंगचं काम

जट सोडवताना ती मुळाशी, कातडीच्या बाजूने, दोन बोटांत धरा. ओढ बोटांवर यायला हवी, कातडीवर नाही. कॉर्नफ्लोअर चोळा आणि टोकाकडून मुळाकडे थोडं थोडं सोडवत या. कात्री अजिबात घालू नका. जटेत कातडी वर खेचली गेलेली असते आणि केसांबरोबर तीही कापली जाते. जट सोडवल्याशिवाय अंघोळ नको, भिजली की ती आणखी आवळते. कातडीला चिकटलेली असेल तर ट्रिमरच्या दहा नंबरच्या ब्लेडने काढा. ब्लेड दर चार-पाच मिनिटांनी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. तापलेलं ब्लेड पोटाला लागलं की महिन्याभराची मेहनत वाया.

पॉमेरेनियनची उन्हाळ्यात हजामत करू नका. दुहेरी केसांचं (वर लांब, आत लोकरीसारखे) कुत्रं आहे, कधीकधी केस पूर्वीसारखे येतच नाहीत. नुसता आतला मोकळा केस विंचरून काढा.

नखं एका बैठकीत सगळी कापायची नाहीत. एक नख, खाऊ, संपलं. काळ्या नखाचे मिलिमीटरभर काप घेत जा. कापलेल्या जागी मधोमध गडद ठिपका दिसला की थांबा, पुढे रक्तवाहिनी आहे. रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर दाबून दोन-तीन मिनिटं धरा. मधे उचलून बघू नका.

लष्कर, पशुवैद्यक

सवय लावण्याआधी कुत्रं तपासून घ्या. छोट्या जातींत गुडघ्याची वाटी सरकणं खूप आढळतं. मागचा पाय बाजूला ओढला की दुखतं आणि लोक त्याला हट्ट म्हणतात. पाय अंगालगत, खाली आणि मागे ठेवूनच नख कापा. कान किंवा दात दुखत असेल तर तोंडाला हात लावू न देणं स्वाभाविकच आहे.

भीती फारच असेल तर गॅबापेंटिन किंवा ट्रॅझोडोन ही भीती कमी करणारी औषधं देतात. डोस वजनावर ठरतो, साधारण दोन तास आधी द्यायचं आणि पहिल्यांदा ग्रूमिंग नसलेल्या दिवशी देऊन बघायचं. ॲसिप्रोमॅझिन हे गुंगीचं औषध एकटं नको: कुत्रं हलत नाही, पण आतली भीती तशीच राहते. माणसांच्या गोळ्या मनाने देऊ नका. मुसकं लागलंच तर जाळीचं, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतील असं. पट्टीने तोंड बांधलेलं कुत्रं गरम होतं आणि आपल्या हवेत ते जिवावर बेतू शकतं.

होटगी रोड

पाण्याचं कुणी लिहिलं नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी चटका देतं, म्हणून अंघोळ सकाळी सातच्या आत. बोअरचं पाणी जड असतं, शाम्पू लवकर निघत नाही आणि राहिला की खाज सुटते. शाम्पू मगभर पाण्यात पातळ करूनच लावा. डोक्यावर मग ओतू नका, तोंड ओल्या फडक्याने पुसा. ड्रायर थंड हवेवर, फूटभर लांब. शित्झू, पग यांना गरम हवेखाली किंवा बंद पिंजऱ्यात वाळवू नका. चपट्या नाकाच्या कुत्र्याला उष्माघात फार लवकर होतो.

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेचं शोभेचं दारूकाम आणि दिवाळी, दोन्हीनंतर तीन-चार दिवस कात्री लावू नका. आवाजाने बावरलेल्या कुत्र्याला एरवी चालणारी फणीही चालत नाही.

पार्लरला न्यायचं असेल तर पहिली वेळ नुसत्या भेटीची मागा: टेबलावर चढणं, दोन वेळा फणी, खाऊ, घरी. सकाळची पहिली वेळ घ्या, तेव्हा शेजारी दुसरा ड्रायर चालू नसतो. आणि निघण्याआधी विचारा, कुत्रं घाबरलं तर काम अर्ध्यावर सोडाल का. "नाही" म्हणाले तर दुसरीकडे चौकशी करा.