सात काळ्या खिडक्या, टॅब एकही नाही. टर्मिनलचं काय करू?

सातखिडक्या

मंडळी, प्रश्न छोटा आहे, पण वैतागून लिहितोय, त्यामुळे लांबेल.

मी डेटाबेस सांभाळायचं काम करतो. विंडोज १०, आणि दिवसभर कमांड प्रॉम्प्ट. एका खिडकीत लॉग वाहत असतो, एकीत पायथनची स्क्रिप्ट, एक एसएसएचने (दुसऱ्या मशीनवर दुरून शिरायची सोय) टेस्ट सर्व्हरवर, एक तशीच लाइव्ह सर्व्हरवर, एकीत कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट. उरलेल्या दोन कशाला उघडल्या होत्या ते संध्याकाळपर्यंत माझ्याही लक्षात राहत नाही. टास्कबारवर साती जणींचं मिळून एकच चिन्ह. त्यावर माउस नेला की सात चिमुकल्या काळ्या पाट्या रांगेत उभ्या. एकीला झाकावी आणि दुसरीला काढावी.

गेल्या आठवड्यात याचं फळ मिळालं. टेस्टवरची सर्व्हिस बंद करायची होती, लाइव्हवरची केली. चार मिनिटं बंद होती. तेवढ्यात तीन फोन आले, आणि तिसऱ्या फोनवर "बघतो, बघतो" म्हणत मी सुरू करायची कमांडसुद्धा चुकीच्याच खिडकीत देत होतो.

दुसरी गोष्ट त्याहून चमत्कारिक. रात्रभर चालायची स्क्रिप्ट लावून घरी गेलो. दर हजार नोंदींमागे ती एक आकडा छापते. सकाळी पाहतो तर ४१००० वर थांबलेली. एरर नाही, काही नाही, प्रोसेसर थंड. चिडून एंटर दाबलं तर पठ्ठी ४२००० म्हणाली आणि चालायला लागली! जणू मी यायचीच वाट बघत होती. हे काय होतं?

मला हवंय ते एवढंच: ब्राउझरसारखे टॅब, प्रत्येकाला नाव, जुन्या मजकुरात शोधायची सोय, आणि कॉपी करताना चालू प्रोग्रॅम मरू नये. अडचण अशी की मशीनवर ॲडमिनचे हक्क मला नाहीत. काही इन्स्टॉल करायचं तर अर्ज, आणि अर्जाचं उत्तर येईपर्यंत अर्ज कशासाठी केला होता तेच विसरायला होतं.

एस्केप_दाबा

आधी तुमच्या अडकलेल्या स्क्रिप्टच्या भुताबद्दल. जाताना खिडकी बाजूला सारायला म्हणून तुम्ही तिच्या काळ्या भागात कुठेतरी क्लिक केलं असणार. कमांड प्रॉम्प्टमध्ये क्विक एडिट नावाची सोय असते, विंडोज १० मध्ये ती मुळातच चालू असते. आत क्लिक केलं की खिडकी "मजकूर निवडणं चाललंय" असं धरून चालते आणि नवीन अक्षर पडद्यावर येऊच देत नाही. तुमच्या स्क्रिप्टने ४२००० छापायला घेतलं, खिडकीने ते अडवलं, आणि छापून होईपर्यंत स्क्रिप्ट त्याच ओळीवर उभी. काही न छापणारी स्क्रिप्ट असती तर तिला पत्ताही लागला नसता, रात्रीत काम उरकून मोकळी झाली असती. पुढच्या वेळी शीर्षकपट्टी बघा, नावाच्या आधी "सिलेक्ट" असा शब्द आलेला असतो. एस्केप किंवा एंटर दाबलं की सुटते. खिडकीच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन क्विक एडिटसमोरची खूण काढून टाका.

यात मी स्वतः एकदा दोन दिवस घालवलेत, डेटाबेसचं लॉक शोधत. म्हणून हे नाव घेतलंय.

आता टॅब. लोक सरसकट "सीएमडीला (म्हणजे कमांड प्रॉम्प्टला) टॅब नाहीत" म्हणतात, पण सीएमडीचा यात दोष नाही. सीएमडी हा नुसता शेल, म्हणजे तुमची कमांड वाचून कामाला लावणारा. काळी खिडकी रंगवणारा वेगळाच, विंडोज ७ पासून त्याचं नाव कॉनहोस्ट. जुन्या काळी कॉनइम्यूसारखे टॅबवाले प्रोग्रॅम काय करायचे माहितीये? खरी खिडकी लपवून ठेवायची, तिच्यातली अक्षरं सारखी वाचायची आणि आपल्या खिडकीत पुन्हा काढायची. २०१८ च्या शेवटी विंडोज १० मध्ये कॉनपीटीवाय आलं तेव्हा कुठे बाहेरच्या टर्मिनलला शेलशी सरळ बोलायचा रस्ता मिळाला. त्यावरच विंडोज टर्मिनल उभं आहे. घोषणा मे २०१९ ची, १.० आवृत्ती मे २०२० ची. विंडोज ११ मध्ये ते असतंच. तुमच्या १० वर चालेल, फक्त २००४ किंवा त्यापुढचं अपडेट हवं. हे २००४ म्हणजे साल नव्हे, २०२० च्या अपडेटचं नाव आहे, घाबरू नका.

ते झिपमध्येही मिळतं. उलगडायचं आणि चालवायचं, ॲडमिन लागत नाही.

कंट्रोल-शिफ्ट-टी ने नवा टॅब. कंट्रोल-शिफ्ट-एफ ने शोध. ऑल्ट-शिफ्ट-डी ने त्याच टॅबचे दोन भाग होतात, लॉग एकीकडे आणि काम दुसरीकडे. मजकूर निवडलेला असेल तर कंट्रोल-सी कॉपी करतं, नसेल तर प्रोग्रॅम थांबवतं. आणि निवडताना आउटपुट अडत नाही, वाहतच राहतं. अनेक ओळी एकदम पेस्ट करायला गेलात तर आधी विचारतं. एवढ्या एका प्रश्नाने माझी दोनदा अब्रू वाचलीय.

टॅबवर उजवं क्लिक करून नाव आणि रंग देता येतो, पण ते त्या टॅबपुरतं. कायमचं हवं तर सेटिंग्जमध्ये लाइव्हसाठी वेगळं प्रोफाइल करा: उघडताच एसएसएच, नाव "लाइव्ह", टॅब लाल, शक्य असेल तर पार्श्वभूमीही गडद लाल. डोळ्यांना त्रास होतो. व्हायलाच हवा.

हे सगळं मिळेपर्यंत आजचा उपाय: प्रत्येक जुन्या खिडकीत "टायटल" ही कमांड देऊन पुढे नाव लिहा. टास्कबारवर निदान पाट्या तरी लागतील.

जुनं_खोड

झिप उलगडण्याआधी तुमच्या सिस्टिमवाल्यांना तोंडी का होईना विचारा. त्यांच्या नजरेत अनोळखी एक्झी (चालवायची फाइल) म्हणजे अनोळखी एक्झी. मग तुम्हाला टॅब हवेत की मोक्ष, ते पाहत नाहीत.

बाकी टॅबबद्दल माझं मत वाकडं आहे. टॅब तुमच्या मशीनवर असतात, काम असतं सर्व्हरवर. नेट गेलं की टॅब छान दिसत राहतो आणि आतलं काम मेलेलं असतं. जोडणी तुटली की शेलला हँगअपचा सिग्नल जातो, त्यात त्याची पोरंबाळंही जातात. हँगअप हे नाव मोडेमच्या काळातलं, फोन खाली ठेवला की लाइन गेली, तेव्हापासून चालत आलेलं. रात्रभराची स्क्रिप्ट स्वतःच्या मशीनच्या खिडकीत लावून घरी जाणं मला तरी झेपणार नाही.

सर्व्हरवर टीमक्स चालवा. २००७ पासून आहे. त्याआधी आम्ही स्क्रीन नावाचा तसाच प्रोग्रॅम वापरायचो, तो १९८७ चा. टीमक्स सर्व्हरवरच एक प्रक्रिया होऊन बसतं आणि तुमचे शेल त्याच्या पोटात राहतात. कंट्रोल-बी दाबून सोडायचं, मग सी म्हणजे नवी खिडकी, आकडा म्हणजे त्या क्रमांकाची खिडकी, स्वल्पविराम म्हणजे नाव बदलणं, डी म्हणजे सगळं चालू ठेवून बाहेर पडणं. खाली हिरवी पट्टी येते, तिच्यात सगळ्या खिडक्यांची नावं. घरी जा, सकाळी या, "अटॅच" म्हणा. मांडलेला संसार तसाच.

काही जण कंट्रोल-बी बदलून कंट्रोल-ए करतात, स्क्रीनची सवय म्हणून. करू नका. बॅशमध्ये (लिनक्सवरचा नेहमीचा शेल) कंट्रोल-ए ओळीच्या सुरुवातीला नेतं, रोज पन्नासदा लागतं.

आणि लाल रंगाचं: तो टर्मिनलमध्ये नको, सर्व्हरवरच्या बॅशआरसीत, म्हणजे बॅशच्या सेटिंगच्या फाइलीत द्या. कमांडच्या आधी दिसणारा प्रॉम्प्टच लाल करा. मग तुम्ही कुठल्याही मशीनवरून, कुठल्याही खिडकीतून शिरलात तरी लालच दिसेल. तुमच्या जागी बसलेल्या दुसऱ्या माणसालाही.

अर्धविराम

टॅब मिळाले की पुढची कटकट येईल ती आत्ताच सांगून ठेवते: हिस्ट्री, म्हणजे आधी दिलेल्या कमांडची यादी. बॅश प्रत्येक टॅबची हिस्ट्री वेगळी मनात धरतो आणि बंद होताना फाइलमध्ये लिहितो. हिस्टअपेंड हा पर्याय चालू नसेल तर शेवटी बंद झालेला टॅब आधीच्यांचं पुसून आपलंच लिहून जातो. शुक्रवारी तासभर खपून जुळवलेली लांबलचक कमांड सोमवारी गायब, कारण मधे एक रिकामटेकडा टॅब शेवटी बंद केला. काही लिनक्समध्ये हा पर्याय आधीच चालू असतो, पण खात्री करून घ्या. शिवाय मुळात फक्त ५०० कमांडच ठेवतो. हिस्टसाइझ आणि हिस्टफाइलसाइझ, दोन्ही वाढवा. मग कंट्रोल-आर दाबून कमांडचा मधलाच तुकडा लिहिला तरी जुनी कमांड समोर येते. टॅबपेक्षा माझा वेळ यानेच जास्त वाचलाय, खरं सांगते.

आणि सातखिडक्या, तुमच्या भुताची एक बहीण लिनक्सकडेही आहे. सेव्ह करायच्या सवयीने कंट्रोल-एस दाबलंत की टर्मिनल गोठतं. कंट्रोल-क्यू दाबा, सुटतं. दूरमुद्रकाच्या काळात "जरा थांब, कागद सांभाळतो" म्हणायला होतं ते.

सातखिडक्या

दोन आठवड्यांनी येतोय. सगळ्यांचे आभार, विशेषतः एस्केप_दाबा यांचे. क्विक एडिटची खूण काढली. आमच्याकडच्या आणखी दोघांना दाखवलं, तर त्यातला एक गेली कित्येक वर्षं "लोडिंग अडकलं की एंटर मारायचं" हा नियम म्हणून पाळत होता आणि नवीन मुलांनाही शिकवत होता.

सिस्टिमवाल्यांना विचारून झिप उलगडली. आता चार टॅब: लॉग आणि स्क्रिप्ट एकाच टॅबमध्ये शेजारी-शेजारी, मग टेस्ट, लाइव्ह, गिट. लाइव्हचा टॅब लाल, आतला प्रॉम्प्टही लाल. परवा टेस्ट समजून तिकडे गेलो, सर्व्हिस बंद करायची अर्धी कमांड लिहिली आणि हात आपोआप थांबला. बाकी काही शोभेचं असो नसो, तेवढ्यासाठी तरी पुरे.

टीमक्सशी मात्र पहिले तीन दिवस भांडण. माउसचं चाक फिरवलं की वरचा मजकूर दिसायच्या ऐवजी जुन्या कमांड यायला लागल्या. सेटिंगमध्ये माउस चालू केला तर चाक सुधारलं, पण मजकूर निवडून कॉपी होईना. शेवटी कळलं की शिफ्ट धरून निवडायचं. हे जुनं_खोड यांनी सांगितलं असतं तर एक दुपार वाचली असती.

एक शंका उरलीच. "अंतिम यादी" अशा नावाची फाइल नव्या टर्मिनलमध्येही नीट दिसत नाही. वेलांट्या एकीकडे, अक्षरं दुसरीकडे. फाँट बदलून पाहिला.

जुनं_खोड

मी माउस वापरत नाही, मग शिफ्टचं कुठून सांगणार?

मराठीचं असं की टर्मिनल म्हणजे चौकटींचा कागद. १९७८ च्या व्हीटी१०० नावाच्या टर्मिनलवर ८० रकाने आणि २४ ओळी होत्या, आजही हिशेब तोच: एका अक्षराला एक घर, फार तर चिनी-जपानीला दोन. आपली पहिली वेलांटी लिहायची अक्षरानंतर, दिसायची आधी. "क्ष"मध्ये तीन चिन्हं मिळून आकार एक. त्याला घरं किती द्यायची, हे शेल एक ठरवतो आणि टर्मिनल दुसरंच. त्यात फाँट काय करणार? लिनक्सवर कॉन्सोल किंवा एमएलटर्म नावाची टर्मिनलं त्यातल्या त्यात बरं सांभाळतात. तुम्ही फाइलचं नाव रोमन अक्षरांत ठेवा आणि मराठी आत लिहा.

सातखिडक्या

पटलं. नाव बदललं.

जाता जाता नवीन दुखणं. बॅशमध्ये कंट्रोल-डब्ल्यू दाबलं की मागचा शब्द खोडला जातो, हे इथेच कुणाच्या तरी जुन्या उत्तरात वाचलं आणि हाताला असं बसलं की काल ब्राउझरमध्ये फॉर्म भरताना एक शब्द खोडायला तेच दाबलं. टॅब बंद. फॉर्म गेला, पाऊण तासाचं लिहिणं गेलं.

तो विंडोज टर्मिनल सगळ्यांच्या मशीनवर रीतसर टाकून मिळावं म्हणून करायचा अर्ज होता.