जाळं कापणारेही मोहिमेतलेच

वर कुणीतरी म्हटलंय की समुद्र वाचवायच्या मोहिमा म्हणजे नुसते बॅनर नि घोषणा, आणि त्यात मच्छीमारच मरतो. पटत नाही, कारण गुजरातचं उदाहरण समोर आहे. वेरावळ वगैरे भागात व्हेल शार्क या अवाढव्य माशाला 'बॅरल' म्हणायचे, शिकारीत गळाला पिंप बांधायचे ना म्हणून, आणि त्याच्या यकृताचं तेल लाकडी होड्यांना लावायचे. २००१ मध्ये कायद्याने शिकार बंद झाली, पण नुसत्या कायद्याने काय होतं. मग २००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया या संस्थेने रामकथाकार मोरारी बापूंना सोबत घेतलं आणि ते लोकांना म्हणाले की ही माहेरी आलेली लेक आहे, तिला मारायचं कसं? तिला 'व्हाली' म्हणजे लाडकी म्हणायला लागले, आणि ज्यांनी शिकार केली तेच लोक ती चुकून अडकली तर स्वतःचं जाळं कापून तिला सोडायला लागले, आजवर शेकड्यांनी सोडलेत!

आपल्याकडे महाराष्ट्रातही २०१८ पासून जाळं कापून कासव, व्हेल शार्क सोडला तर २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते, फोटो किंवा व्हिडिओ लागतो. आमच्या ओळखीच्या एका तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, मला तसं कापलेलं जाळं दाखवलं होतं, माणूस उभा आत जाईल एवढं भोक, नि ते विणायला घरातले दोघं कितीतरी दिवस सुई घेऊन बसलेले. तेवढे दिवस होडी किनाऱ्याला. म्हणून भरपाई वेळेत हातात पडायलाच हवी, मोहिमवाल्यांनी आता त्याच्या मागे लागावं असं मला मनापासून वाटतं.