थंडीतली होडी आणि पलीकडचं रान

डिसेंबर लागला की मला बामणोलीचा काठ आठवतो. होडीतून किंवा लाँचमधून, कुडकुडत, एखाद्या दूरच्या अभयारण्यात गेला असाल तर इथे लिहा. ठिकाण कुठलंही चालेल. गारठा कसा होता, सोबत कोण होतं, काय दिसलं ते सविस्तर सांगा. "खूप मजा आली" एवढ्यावर थांबू नका. सुरुवात मी करते.

आम्ही सहा मैत्रिणी वासोट्याला निघालो होतो. किल्ला कोयना अभयारण्यात आणि बामणोलीहून वाट शिवसागरच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पाण्यातून. रात्री काठावरच तंबूत मुक्काम. पहाटे तंबूला आतून नुसता हात लागला तरी बाही ओली व्हायची. साडेसहाला लाँचमध्ये चढलो तेव्हा पाण्यावरून वाफा निघत होत्या. रात्रीत हवा गार पडते, पाणी मात्र दिवसाची ऊब धरून असतं, म्हणून हे धुकं पाण्यावरच तयार होतं. काठावरून बघायला फार सुंदर! लाँचने वेग घेतला की तेच धुकं तोंडावर येतं. पापण्यांवर थेंब साचले, बोटं इतकी बधिर झाली की थर्मासचं झाकण तिघींच्या हातांत फिरून मग उघडलं. पहिली पंधरा मिनिटं गप्पा झाल्या, पुढचा तासभर प्रत्येक जण आपापल्या शालीत.

मेट इंदवलीला वनखात्याच्या चौकीवर नोंद झाली. पिशव्या उघडून प्लास्टिक मोजलं, अनामत रक्कम घेतली. परतताना तेवढंच प्लास्टिक दाखवायचं. मला हे मनापासून पटलं. ते रान अजून स्वच्छ आहे ते अशा मोजणीमुळेच. चढ लागल्यावर दहा मिनिटांत स्वेटर कमरेला आले, आणि बाबूकड्याच्या टोकाशी खाली कोकण बघताना थंडी विसरूनच गेलो. खरी हुडहुडी भरली ती परतताना. घामाने भिजलेले कपडे आणि संध्याकाळचा वारा. म्हणून सांगते, पिशवीत एक कोरडा सदरा ठेवाच.

*

ठाण्याहून

कोरड्या सदऱ्याबरोबर लाइफ जॅकेटही बघून घ्या. आम्ही एका आयोजकाबरोबर गेलो होतो, तेव्हा चौदा माणसांत जॅकेटं नऊ. माझा मुलगा आठ वर्षांचा. मी लाँच सुटू दिली नाही, उरलेली पाच येईपर्यंत काठावरच थांबलो. लोक वैतागले, पण मला त्याचं काही वाटलं नाही. एवढ्या गार पाण्यात हातपाय लवकर आखडतात, पट्टीच्या पोहणाऱ्याचेसुद्धा.

*

न्यूकॅसलहून (इंग्लंड)

आमची थंडी जून महिन्यातली! आई-बाबा सांगलीहून आले होते, त्यांना सीहाउसेस बंदरातून फार्न बेटांवर नेलं. आईने साडीवर स्वेटर, त्यावर माझा रेनकोट आणि डोक्याला कानटोपी असा बंदोबस्त केला होता, तरी उत्तर समुद्राचा वारा आत शिरत होताच. इनर फार्नवर उतरलो आणि आर्क्टिक टर्न, म्हणजे आपल्याकडच्या सुरयांचे भाऊबंद, थेट डोक्यावर झेपावले. त्यांची अंडी वाटेच्या कडेला उघड्यावरच असतात, त्यामुळे येणाऱ्या प्रत्येकाला ते टोचतात. बाबांच्या टकलावर रक्ताचा ठिपका आला, आई कानटोपीमुळे वाचली. "लेकरं राखतायत, टोचू देत," म्हणाली आणि पाय जपून टाकत पुढे गेली. १९८२ साली इथे पायात ओळखीचं वळं घातलेलं टर्नचं एक पिल्लू तीन महिन्यांत मेलबर्नपर्यंत पोचलं होतं. हे कळल्यापासून आई रोज संध्याकाळी नकाशा उघडून बसायची.

*

भुवनेश्वरहून

चिलिकाच्या उत्तर काठावरचं मंगलाजोडी. जानेवारीची पहाट, बांबूने रेटायची होडी, इंजिन नाहीच. बाक दवाने ओला, त्यावर वर्तमानपत्र घालून बसलो. आमचा नावाडी एके काळी याच पाण्यात पक्षी मारून विकायचा. गावातल्या बऱ्याच शिकाऱ्यांनी ते सोडलं आणि आता तेच राखणदार आहेत. मालगुजा पक्ष्यांचा थवा दिसताच त्याने बांबू चिखलात रोवून होडी थांबवली. त्याला अंतर बरोबर ठाऊक होतं.

*

पनवेलहून

वासोट्याचं वाचलं म्हणून लिहायला बसले. माझ्या आजीचं माहेर त्याच पाण्याखाली आहे. कोयना धरण झालं तेव्हा ती पंधरा-सोळा वर्षांची. घरदार उठून रायगड जिल्ह्यात आलं. २०१४ च्या जानेवारीत तिने हट्ट धरला, एकदा ने म्हणून. गुडघे दुखत होते, गड चढणं शक्य नव्हतं. तिला फक्त पाण्यावर जायचं होतं.

लाँचमध्ये मी तिच्या अंगावर दोन शाली घातल्या. तिने एक काढून माझ्या मांडीवर टाकली. मला वाटलं होतं, एवढ्या पाण्यात तिला काय ओळखू येणार? पण ती पाण्याकडे बघतच नव्हती. डोंगरांची धार बघत होती. "तो नागेश्वर. त्याच्या अलीकडे खिंड. खिंडीच्या नाकासमोर आमचं खळं." मग नावाडीदादांना म्हणाली, "थोडं डावीकडं घ्या." ते म्हणाले, "आजी, तिथं वढा होता." "वढ्याच्या अल्याड," आजी म्हणाली. लाँच डावीकडे वळली.

नाचणीची भाकरी आणि लसणाची चटणी तिने घरूनच बांधून आणली होती. पहिला तुकडा पाण्यात सोडला. हात मनगटापर्यंत बुडवून तसाच ठेवला. मी म्हटलं, "आजी, गारठशील." ती म्हणाली, "विहिरीचं पाणी असंच होतं गं."

नावाडीदादांचं आजोळही बुडालेलं. महाशिवरात्रीला नागेश्वराला जाताना दोघांच्या घरची माणसं एकाच पायवाटेने जायची, हे बोलता बोलता निघालं. मग वाटेवरचं एकेक झाड आठवायला लागले दोघं. दादांनी आपली घोंगडी आजीच्या पायांवर टाकली आणि काठापर्यंत लाँच अगदी हळू चालवली.