शब्दचर्चा: ‘अर्बन ब्लाइट’ला काय म्हणावे?

प्रश्न: अमेरिकेतली शहरे ‘ब्लाइट’ (घरे ओस पडून वस्ती खालावत जाणे) रोखण्यासाठी मालमत्तांची माहिती ‘शेअर’ करतात, यावरच्या लेखाचा अनुवाद चालू आहे. ‘बकालपणा’ चालेल का?

प्रतिसाद १: नको. बकाल म्हटले की दाटी आणि घाण डोळ्यांपुढे येते. तिथल्या डेट्रॉइट शहराचे दुखणे उलटे आहे: माणसे निघून गेली, घरे मागे उरली, खिडक्यांना फळ्या ठोकल्या गेल्या. पिकावरच्या ब्लाइटला आपण करपा म्हणतो आणि पसरत जाण्याचा अर्थ त्यात नेमका आहे. पण ‘नागरी करपा’ वाचणाऱ्याला अडखळवेल. ‘वस्तीची पडझड’ घ्या.

प्रतिसाद २: पडझड मान्य. मात्र रिकामे, बेवारस आणि मोडकळीला आलेले हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. माहितीतली खरी गफलत तिथेच होते. अमेरिकी टपाल खात्याच्या लेखी ९० दिवस वा अधिक काळ कुणी टपाल न घेतलेला पत्ता रिकामा. म्हणून ते घर मोडके ठरत नाही. डेट्रॉइटच्या २०१३-१४च्या पाहणीत, सुमारे ३,८०,००० भूखंडांसाठी, वास्तूची स्थिती आणि कुणी राहते का, हे रकाने वेगळेच होते. ‘बेवारस’ तर टाळाच. कागदोपत्री मालक बहुधा असतोच, तो घराकडे फिरकत नाही.

प्रश्न: ‘पार्सल नंबर’साठी ‘भूखंड क्रमांक’ लिहू?

प्रतिसाद २: हो, आणि सगळीकडे तोच ठेवा, कारण कर, तपासणी, पाणी या खात्यांच्या याद्या त्यावरच जुळतात. पत्त्यावरून जुळवल्या तर एका यादीत ‘स्ट्रीट’ पूर्ण, दुसरीत लघुरूप, आणि एकच घर दोनदा मोजले जाते. क्रमांकातही खोच आहे: स्प्रेडशीट सुरुवातीचे शून्य गिळते. फाइल आत घेतानाच तो रकाना ‘मजकूर’ म्हणून ठरवावा; नंतर प्रकार बदलला तरी गेलेले शून्य परत येत नाही. भूखंडाची फोड झाली की जुना क्रमांक रद्द होतो, पण दंडाच्या नोंदी त्यालाच चिकटून राहतात. जुन्या-नव्या क्रमांकांचा तक्ता सोबत हवाच.

प्रतिसाद ३: ‘शेअर’साठी दोन शब्द लागतील. खात्याखात्यांत असेल तर देवाणघेवाण, लोकांसाठी असेल तर खुली करणे. न्यू ऑर्लिन्स शहराचे २०१२चे ‘ब्लाइटस्टेटस’ हे संकेतस्थळ दुसऱ्या प्रकारातले: पत्ता टाकला की तपासणी, सूचना, सुनावणी, निकाल यांपैकी प्रकरण कुठे आहे ते दिसे. ‘लँड बँक’चे ‘भूपेढी’ करू नका, कर्ज देणारी पेढी वाटते. मूळ शब्द ठेवून एकदाच खुलासा द्या: करथकबाकीत गेलेली घरे ताब्यात घेऊन ती पाडणारी, दुरुस्त करणारी किंवा विकणारी सार्वजनिक संस्था.