ई-क्लासवरच्या वस्तीत सर्वे कसा करावा?

प्रश्न: एमएसडब्ल्यूचा (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचा) प्रकल्प आहे. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याजवळ ई-क्लास, म्हणजे सरकारी जमिनीवर टिनाची चाळीसेक घरं आहेत. "महिन्याचं उत्पन्न किती?" विचारलं की सगळे गप्प. काय करू?

वावरवाला: महिन्याचं कायले विचारता भाऊ? कापूस वेचणी किलोवर, मजुरीचा चुकारा बाजाराच्या दिवशी. हप्त्याचं विचारा. किराणावाल्यानं उधारीची वही दाखवली तर अर्धा सर्वे तिथंच. अन् सकाळी दहाला जाऊ नका, वस्तीत कुत्रीच भेटतील.

माजी ग्रामसेवक: घराचे कागदही पाहा. नमुना ८ ही ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची, कराची नोंद, मालकी नव्हे. जागा नावावर नाही म्हणून घरकुलाचे पैसे अडतात. तुम्हाला अतिक्रमण काढणारे समजत असतील.

प्रश्नकर्ता: अरे बाप्पा! म्हणूनच मोजायचा टेप काढला की बाया दार लावतात.