धुराची गाडी बंद करा, माणसं टाक्यांकडे वळवा

तळजाई
डेंगीचे रुग्ण वाढले की पुण्यात पहिली मागणी होते ती धुराच्या गाडीची. माझं मत असं, की ही गाडी बंद करावी आणि तिच्यावरची माणसं घरोघरचे पाणीसाठे तपासायला लावावीत. डेंगी पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाची मादी रस्त्यावर बसत नाही. ती पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांमागे, अंधाऱ्या कोपऱ्यात विसावते. धुराचा थेंब डासाच्या अंगाला लागला तरच तो मरतो, आणि गाडीचा आवाज आला की आपण आधी खिडक्या लावून घेतो! अंडी, अळ्या, कोष यांना धुराने काहीच होत नाही. पावसाळी हवेत अंड्याचा डास व्हायला ७ ते १० दिवस पुरतात, म्हणजे पुढच्या आठवड्यात नवी फौज हजर.

आणि कृपा करून नदीतल्या जलपर्णीवर येऊ नका. ती काढायलाच हवी, पण घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स जातीचा डास आणि जलपर्णीच्या मुळांना धरून राहतो तो मॅन्सोनिया. डेंगी, चिकुनगुन्या, झिका पसरवणारा एडिस आपल्याच घरच्या साठवलेल्या पाण्यात होतो.

मुळाकाठ
अर्धंच पटलं. अळ्या मारल्यात, पण विषाणू पोटात घेऊन आधीच उडत असलेल्या माद्यांचं काय? डेंगीच्या रुग्णाच्या रक्तात विषाणू ताप येण्याच्या आदल्या दिवसापासून साधारण पाचव्या दिवसापर्यंत असतो. त्या काळात त्याला चावलेली मादी लगेच रोग देत नाही; तिच्या लाळेत विषाणू उतरायला ८ ते १२ दिवस जातात. एनएस१चा (डेंगीच्या रक्तचाचणीचा) रिपोर्ट तिसऱ्या-चौथ्या दिवशी आला, तर तिला गाठायला जेमतेम आठवडा हातात राहतो. तेवढ्यात रुग्णाच्या आणि आजूबाजूच्या घरांत, आतून, पायरेथ्रम हे कीटकनाशक मारायला हवं. २ टक्क्यांचा अर्क १ भाग आणि रॉकेल १९ भाग. आधी गॅस बंद, अन्नपाणी झाकलेलं, माणसं बाहेर. फवारल्यावर थोडा वेळ दारं-खिडक्या बंद ठेवायच्या. फवारणीच बंद करा म्हणणं म्हणजे हा आठवडा डासांना आंदण देणं.

तळजाई
घराच्या आतल्या फवारणीला माझी ना नाहीच, मी गाडीबद्दल बोलतोय. गाडी दिसते, फोटो निघतो, नगरसेवक खूश. पलंगाखाली नळी घालणारा माणूस कुणाला दिसत नाही.

सदाशिव_पेठी
दोघांचंही गणित रुग्ण सापडण्यावर उभं आहे आणि झिका तिथेच चकवतो. २०२१च्या जुलैत राज्यातला पहिला झिका पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला. जून २०२४मध्ये तो एरंडवण्यात निघाला आणि मग शहराच्या इतर भागांतही. लागण झालेल्या पाचांपैकी साधारण चौघांना काहीच जाणवत नाही. मग फवारायचं कुणाचं घर? धोका मुख्यतः गर्भाला. बाळाचं डोकं लहान राहू शकतं. म्हणून गर्भवतींची तपासणी आणि सोनोग्राफीवरचं लक्ष आधी. रक्तासोबत लघवीचाही नमुना आरटी-पीसीआरला (थेट विषाणू शोधणाऱ्या चाचणीला) द्यावा, कारण लघवीत विषाणू जास्त दिवस सापडतो. नुसत्या अँटिबॉडी चाचणीवर जाऊ नका, डेंगी होऊन गेलेल्याची चाचणी झिकालाही होकार देऊ शकते. आणखी एक गोष्ट : झिका शरीरसंबंधातूनही पसरतो. जाळ्या लावून ते थांबत नाही, त्याला निरोध हवा. यावर आपल्याकडे कुणी बोलत नाही.

स्लॅबवाला
पाणीसाठ्यांची तपासणी म्हणजे शेवटी बांधकामांना नोटीस आणि दंड. स्लॅबवर आळी (पाणी अडवणारे छोटे बांध) बांधून पाणी भरायचंच नाही का? साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटला १० दिवस ओलावा हवा, असं भारतीय मानकच सांगतं. ते पाळलं नाही तर तडे जातात, तेव्हा हेच लोक आमच्या नावाने ओरडतात.

मुळाकाठ
मानक ओलावा मागतं, तळं मागत नाही. ओलं गोणपाट अंथरून दिवसातून दोन-तीनदा पाणी मारा. आळीच हवी असतील तर दर पाचव्या दिवशी पूर्ण उपसून, कोरडी करून ती पुन्हा भरा. डासांचं खरं घर तर लिफ्टच्या खड्ड्यात, तळघरात आणि मजुरांच्या पिंपात असतं. तिथे क्युरिंगचं, म्हणजे स्लॅब ओला ठेवण्याचं, कारण चालायचं नाही.

सदाशिव_पेठी
आणि सोसायट्या? वॉचमन तपासनिसाला गेटवरूनच परत पाठवतो. वर पुन्हा "आमच्याकडे आठवड्याचा कोरडा दिवस पाळतात" हे उत्तर तयार. पाणी ओतून दिलं की झालं, असं वाटतं लोकांना. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भिंतीला चिकटलेली असतात. सुकली तरी महिनोन् महिने टिकतात आणि पाणी भरलं की फुटतात.

तळजाई
म्हणूनच काथ्या किंवा ताठ ब्रशने आतली कड घासायची, मग भरायचं. गच्चीवरच्या टाकीचं झाकण घट्ट आणि ओव्हरफ्लोच्या पाइपाला बारीक जाळी. ही जाळीच बहुतेक ठिकाणी नसते. फ्रिजमागचा ट्रे आणि कुंडीखालची ताटली लोक विसरतात. उपसता न येणाऱ्या खड्ड्यात टेमिफॉस हे अळीनाशक, ५० टक्क्यांचं असेल तर १,००० लिटरला २ मिली. कोष काही खात नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर ते चालत नाही; वळवळणारे स्वल्पविराम, म्हणजे हे कोष, दिसले तर पाणी काढायचाच मार्ग शोधा. पिण्याच्या टाकीत स्वतःहून ओतू नका, ते काम महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर सोडा.

मुळाकाठ
बाटलीवरचा टक्का आधी वाचा, सगळीकडे ५०चंच मिळतं असं नाही. आणि गाडीबद्दलचा माझा मुद्दा अजून तसाच आहे. झोपडपट्टीत, जिथे दारं दिवसभर उघडी असतात, तिथे साथ पेटलेली असताना पहाटे किंवा संध्याकाळी, वारा पडलेला असताना सोडलेला धूर आत शिरतो. भर दुपारी तापलेल्या रस्त्यावर सोडलेला वर निघून जातो, तो मात्र खुशाल बंद करा.