विमानतळांच्या स्वच्छ ऊर्जेचा खर्च प्रवाशाने आगाऊ का भरायचा?

हिशेबी: काल एकाने लिहिलं, 'हायड्रोजनची आणि विजेवरची विमानं येणारच आहेत. विमानतळांनी आत्ताच हायड्रोजनच्या टाक्या, विजेची उपकेंद्रं बांधावीत आणि पैसे तिकिटातून घ्यावेत.' वाचून राहवलं नाही. येणारच म्हणजे कधी? एअरबसने २०२० मध्ये हायड्रोजन विमानासाठी २०३५ साल सांगितलं, २०२५ मध्ये ते पुढे ढकललं. द्रव हायड्रोजन उणे २५३ अंशांवर ठेवावा लागतो आणि तेवढ्याच ऊर्जेसाठी केरोसिनच्या चौपट जागा खातो. म्हणजे टाक्या, पाइप, टँकर सगळं नव्याने आलं. कागदावरच्या विमानासाठी आजच्या प्रवाशाकडून वसुली कसली? विमान आलंच नाही तर पैसे परत कोण करणार? सॅफला, म्हणजे केरोसिनला पर्याय असलेल्या शाश्वत इंधनाला, तर यातलं काहीच लागत नाही. केरोसिनमध्ये ५० टक्क्यांपर्यंत मिसळलं की आहे त्याच पाइपातून जातं. ऑस्लोला २०१६ मध्ये ते नेहमीच्या हायड्रंटमधूनच, म्हणजे जमिनीखालच्या इंधनाच्या नळांतूनच, भरायला लागले.

उत्तरायण: सोय नाही म्हणून कंपन्या विमान मागवत नाहीत आणि विमान नाही म्हणून सोय होत नाही. कोणीतरी आधी पैसे घालायलाच हवेत. ते सरकारने घालावेत म्हणाल, तर २०१८ मध्ये जगातल्या सुमारे ११ टक्के लोकांनीच विमानप्रवास केला असा अंदाज आहे. उरलेल्यांनी का भरायचं? त्यात आंतरराष्ट्रीय उड्डाणांचं इंधन बहुतेक ठिकाणी करमुक्त. १९४४ च्या शिकागो करारापासूनची ही मेहेरबानी. तिकिटावर चार पैसे वाढले तर एवढा आकांत कशाला?

हिशेबी: आकांत हिशेबासाठी आहे. आगाऊ वसुलीला आयकाओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विमान वाहतूक संघटनेच्या, धोरणात मुभा आहे, पण अपवाद म्हणून आणि अटी घालून. त्या अटींबद्दल तुम्ही चकार शब्द काढत नाही.

रॅम्पवाला: तुम्ही दोघं २०३५ वर भांडताय, आज गेटवर काय चाललंय ते बघा. उभ्या जेटचं शेपटीतलं एपीयू, म्हणजे छोटं सहायक इंजिन, नुसत्या दिव्यांसाठी आणि एसीसाठी तासाला शंभरेक किलो इंधन जाळतं. मी वर्षानुवर्षं रॅम्पवर, विमानं उभी राहतात तिथे, काढली आहेत. प्रवासी चढतात त्या पुलाखाली विमानाला बाहेरून वीज देणारी ४०० हर्ट्झची कोरी केबल लटकत होती, पण प्लगच्या पिना जळलेल्या. मागितल्या की उत्तर यायचं, बांधकामाचा निधी वेगळा आणि दुरुस्तीचा वेगळा. दुरुस्तीचा कायम संपलेला. शेवटी प्लगला 'नादुरुस्त' असा टॅग बांधून ठेवला. आणि केबल चालू असली तरी पायलट एपीयू बंद करायला तयार नसत.

डावी सीट: थांबा जरा. खापर आमच्यावर फोडू नका. उन्हात तापलेल्या केबिनमध्ये प्रवासी चढत असतात. बाहेरून गार हवा देणाऱ्या तुमच्या होजला तीन ठिकाणी पीळ, सांध्याला भोक, आणि आत येते ती कोमट झुळूक. लहान मूल घामाघूम होऊन रडायला लागलं की मी एपीयू लावणार. कोणाला विचारणार नाही.

रॅम्पवाला: होजला पीळ पडतो, कारण एका माणसाला चार गेटं दिलेली असतात. हे कॉकपिटमध्ये बसून दिसत नाही.

डावी सीट: मग ते वरच्यांना सांगा, आमच्या नावाने बोटं मोडू नका. युरोपने नियम केला, पुलाच्या गेटांवर २०२४ अखेर आणि पूल नसलेल्या लांबच्या स्टँडवर २०२९ अखेर वीज हवी. पण तो विजेपुरता आहे. गार हवा नसेल तर एपीयू चालूच राहणार.

उत्तरायण: विषय होजवर कुठे गेला? निधीचं बोला.

रॅम्पवाला: निधीचंच बोलतोय. फीत कापायला पैसे मिळतात, पिना बदलायला मिळत नाहीत.

हिशेबी: गेटवरची वीज आणि हवा यांच्यासाठी शुल्क घ्या, माझी हरकत नाही. पण खातं वेगळं हवं, आणि उपकरण किती तास चाललं त्यावर पैसे सुटायला हवेत, बांधलं म्हणून नाही.

उत्तरायण: मग उपकेंद्रालाही हो म्हणा. विजेचं विमान आलं नाही तरी विमान ओढणारे टग, बस, बॅगांच्या गाड्या त्यावरच चार्ज होतील.

हिशेबी: उपकेंद्र ठीक, नाइलाजाने. हायड्रोजनच्या टाकीला एक पैसा नाही. विमान प्रमाणित होऊन ऑर्डर निघू दे, मग मागा.

उत्तरायण: तोवर टाकीची जागा मॉलला दिलेली असेल. किमान जमीन राखून ठेवायचा खर्च तरी शुल्कात धरा.

हिशेबी: जमीन विमानतळाचीच आहे. राखायला प्रवाशाचे पैसे कशाला लागतात, तेवढं सांगा.